मनीच्या दातांचं घ्या मनावर

लेकरा, मांजर आणलंस ते बरं केलंस, सोयाबीनच्या पोत्यांना उंदरांचा त्रास कमी होईल. पण दोन्ही वेळा दूध-पोळी कुस्करून पुढं ठेवतोस ना, ते आता बंद कर. आपला जबडा भाकरी चावताना आडवा फिरतो. मनीचा नुसता वर-खाली चालतो, आणि तिचे मागचे दात कात्रीसारखे मांस कापतात. दळणं त्यांना जमतच नाही. मग तो ओला काला हिरडीच्या कडेला लगदा होऊन बसतो. दूध तर मोठ्या मांजराला पुष्कळदा पचतही नाही. आणि लाडानं पेढा देतोस, पण तिला गोड चव कळतच नाही, बरं का!

उंदीर खाताना कातडं-केस ओढून तिचे दात आपसूक घासले जातात. मात्र शेतात उंदरांचं औषध टाकलं असेल तर तिला घरातच ठेव. विष खाल्लेला उंदीर तिच्याही जिवावर उठतो.

कोंबडी द्यायची तर उकडून, मीठ-मसाला न घालता. कांदा-लसूण तिला विषच. येलदरी धरणातला मासा आणलास तर काटे काढून दे. शिजलेलं हाड मुळीच नको, त्याच्या चिरफळ्या होतात. नुसत्या कोंबडीवरही भागत नाही, म्हणून रोजचं खाणं मांजराचंच विकतचं घे. कुत्र्याच्या खाद्यात मांजराला लागतं तेवढं टॉरीन नावाचं पोषकद्रव्य असेलच असं नाही.

दुकानदार म्हणेल, कोरड्या दाण्यांनी दात साफ होतात. अर्धंच खरं आहे ते. बारीक दाणा दाताचं टोक लागताच फुटतो, नाहीतर ती तसाच गिळते. हिरडीपर्यंत काही पोचत नाही. दातांसाठी मुद्दाम केलेले मोठे दाणे वेगळे मिळतात, त्यांत दात रुततो. कोरडं देशील तर पाण्याचं भांडं भरलेलं ठेव. खरा उपाय ब्रशच, लहान मुलांचा मऊ. पेस्ट मात्र मांजराचीच, आपली नको.

आठवड्याला एकदा ओठ वर करून बघ. गालाकडच्या वरच्या मोठ्या दातावर तपकिरी कीटण, हिरडीच्या काठाला लाल रेघ, तोंडाला घाण वास, एकाच बाजूनं खाणं, भांड्याशी येऊन माघारी फिरणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नको. मांजर दुखणं लपवतं. दात दुखत असले तरी खात राहतं, म्हणून आपण फसतो. कीटण एकदा कठीण झालं की कुठल्याच खाण्यानं निघत नाही. ते नखानं खरवडायचं नाही. डॉक्टर भूल देऊन काढतात. परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय 1972 पासून आहे. ते बैला-म्हशींपुरतंच आहे असं समजू नको, मनीलाही तिथं घेऊन जा.

आणि दात दुखतोय म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नको. एका गोळीनंही मांजर दगावतं.