पावसाआधी कोंबड्यांसाठी जाळीचं आवार



नेरे, आकुर्ली, विचुंबे, देवद, सगळीकडे परसात 15-20 गावठी कोंबड्या असतातच. रात्री खुराडं लावलेलं असतं, म्हणून कोंबडी जाते ती दिवसाढवळ्या. भटकी कुत्री, मुंगूस, पिल्लांवर घार. मुंगूस, घोरपड, अजगर यांना मारणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा उपाय एकच, आपली जागा बंद करणं.

दुसरं कारण जास्त मोठं आहे. जानेवारी 2025 मध्ये शेजारच्या उरण तालुक्यात चिरनेरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला. असा रोग निघाला की 1 किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारावे लागतात, आजारी असोत वा नसोत. मारलेल्या पक्ष्यांची भरपाई सरकार देतं, पण रोगाने आधीच मेलेल्यांची मिळत नाही. आवार म्हणजे या रोगावर औषध नव्हे. पण कावळे, बगळे, पाणपक्षी आणि आपल्या कोंबड्या एकाच डबक्यावर पाणी पिणार नाहीत, एवढं तरी नक्की होतं.

*माप:* 20 कोंबड्यांना 20 बाय 10 फूट, म्हणजे पक्ष्यामागे 10 चौरस फूट. यापेक्षा दाटी केली तर एकमेकींची पिसं उपटतात आणि रक्ती हगवण लागते. खुराड्याचं दार याच आवारात उघडेल असं बघा.

*खांब:* दर 5 फुटांवर एक, एकूण 12. जमिनीत दीड फूट, वर 6 फूट. बांबू असेल तर गाडायच्या भागाला डांबर लावा, नाहीतर एका पावसाळ्यात कुजतो.

*जाळी:* इथे पैसे वाचवू नका. नेहमीची षटकोनी कोंबडी जाळी कुत्रं दातांनी फाडतं आणि तिच्यातून उंदीर, साप आत येतात. म्हणून खाली अर्धा इंची वेल्डेड जाळी हवी. 4 फूट रुंदीचा रोल घ्या. त्यातली अडीच फूट उभी बांधा आणि उरलेली दीड फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी वळवा. तिच्यावर दगड-माती टाका. कुत्रं किंवा मुंगूस कुंपणाच्या अगदी बुडाशी उकरायला लागतं, तिथे त्याच्या नखाखाली जाळीच येते. चर खणायची गरज नाही. वरच्या भागाला 4 फुटी साधी कोंबडी जाळी चालेल. अर्धा फूट एकमेकींवर चढवून बांधली की बरोबर 6 फूट भरतात. घेर 60 फूट आहे, कोपऱ्यांसाठी 65 फूट घ्या.

दाराखालची फट विसरू नका, सगळी मेहनत तिथेच वाया जाते. उंबऱ्याला फळी ठोका.

*छप्पर:* आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. त्या बाजूच्या अर्ध्या भागावर पत्रे टाका, उतार बाहेरच्या दिशेला. आतल्या बाजूचे खांब फूटभर उंच घेतले की उतार आपोआप मिळतो. उरलेल्या भागावर नायलॉनची जाळी. मात्र नायलॉनमधून पक्ष्यांची विष्ठा खाली पडते, म्हणून दाणा-पाणी कायम पत्र्याखालीच ठेवा. बर्ड फ्लूची सूचना आली तर तेवढ्या दिवसांपुरती जाळीवर ताडपत्री ओढा.

*जमीन:* जुलैत आवाराचा चिखल झाला तर ते नसलेलं बरं. आतून चिऱ्यांची एक ओळ लावून 6 इंच मुरूम भरा. 200 चौरस फुटांना बरोबर 1 ब्रास लागतो. पत्र्याखाली भाताचा तूस 3-4 इंच. एक दिवसाआड हलवा, ओला झालेला काढून खतात टाका. कोपऱ्यात घमेलंभर चुलीची राख आणि कोरडी माती ठेवा. त्यात अंग घोळलं की उवा कमी होतात.

आता तोटाही सांगायला हवा. मोकळी कोंबडी किडे-गवत स्वतः मिळवते, बंद केली की ते थांबतं आणि दाण्याचा खर्च वाढतो. अझोला, शेवग्याचा पाला द्या. खाडीच्या शिवल्यांचे शिंपले भाजून, कुटून द्या, अंड्याचं कवच टणक होतं. रोगाची सूचना नसेल तेव्हा संध्याकाळी घरचं कुणी अंगणात असताना तास-दोन तास सोडायला हरकत नाही. दिवसभर सोडू नका.

आवार बांधलं म्हणून मानमोडीची लस चुकवू नका. एकाएकी तीन-चार कोंबड्या मेल्या, तुरा-गलोल निळे पडले, तर मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, ओढ्यात टाकू नका, उरलेल्या घाईने विकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा 1962 वर फोन करा.

जाळी एकत्र मागवली तर भाव कमी पडेल. हवी असेल त्यांनी नाव, गाव आणि किती फूट, एवढंच याच नंबरवर लिहून पाठवा. आधीच आवार बांधलेल्यांनी फोटो पाठवा, शक्यतो दाराच्या बाजूचा.