नवी गाडी, तिरपं स्टेअरिंग : कुठे किती खर्च, कुठे एक रुपयाही नाही

शोरूममधून गाडी निघते, राजूरच्या गणपतीला पेढे ठेवून येते आणि परतीच्या सरळ रस्त्यावर कुणाच्या तरी लक्षात येतं की गाडी सरळ चालली आहे, पण स्टेअरिंग मात्र थोडं वळलेलं आहे. किंवा स्टेअरिंग सरळ धरलं की गाडी हळूच डावीकडे सरकते. नव्या गाडीत असं होऊ नये, हे खरंच. पण कारखान्यातून निघालेली गाडी ट्रेलरवर आवळून बांधून येते, यार्डात उन्हापावसात उभी राहते आणि तिथल्या खड्ड्यांतून दहा वेगवेगळे हात ती पुढे-मागे करतात. बहुतेक वेळा हे दुखणं पाचशे-हजार रुपयांत मिटणारं असतं. निदान न करता एका दुकानातून दुसऱ्या दुकानात फिरलं की ते महाग होतं.

पहिल्या तीन तपासण्यांना जवळजवळ काहीच लागत नाही. आधी हवा. यार्डातल्या गाड्यांत कधी जास्त हवा भरलेली असते, कधी उभ्या-उभ्या एखाद्या चाकातली उतरलेली असते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचा आकडा छापलेला असतो. गाडी थंड असताना चारही चाकांत त्याप्रमाणेच हवा भरा. पुढच्या दोन चाकांत चार-पाच पीएसआयचा फरक असला तरी गाडी एका बाजूला ओढू शकते.

मग रस्ता. पाणी वाहून जावं म्हणून आपले रस्ते मधोमध उंच आणि कडेला उतरते असतात. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे हात सोडल्यावर गाडी हळूहळू डावीकडे गेली तर तो रस्त्याचा उतार असू शकतो. त्यातून जालना, परतूर, मंठा हा काळ्या मातीचा पट्टा. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं डांबर वर-खाली होतं. अंबड-घनसावंगीकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या धावतात, जालन्याच्या एमआयडीसीत सळईचे ट्रक. अशा रस्त्यावर केलेली चाचणी चाचणीच नव्हे. समतल, मोकळी जागा शोधा. एक खूण मात्र कुठेही चालते: रस्ता डावीकडे उतरता असूनही गाडी उजवीकडे ओढत असेल, तर दोष गाडीतच आहे.

तिसरी तपासणी बहुतेक जण करत नाहीत, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची. पुढची दोन चाकं डावी-उजवी अदलाबदल करून पाहा. टायरच्या कडेला फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हा प्रयोग करू नका. ओढ बाजू बदलून उलटीकडे गेली तर दोष टायरमध्ये आहे, अलाइनमेंटवर घातलेला पैसा वाया जाणार. पंक्चरवाला या कामाचे शे-दोनशे घेईल. टायरची वॉरंटी सहसा गाडीची कंपनी देत नाही, टायरची कंपनी देते. तरी नव्या गाडीचा दावा शोरूममार्फतच करा आणि दाव्याची पोच घ्या.

लक्षण नीट सांगता आलं तर निम्मं बिल तिथेच वाचतं. ८० ते १०० च्या वेगात स्टेअरिंग थरथरत असेल आणि त्याखाली शांत असेल, तर बहुधा बॅलन्सिंग. फक्त ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला जात असेल तर ब्रेक. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप मागे येत नसेल, जड लागत असेल किंवा मीटरवर स्टेअरिंगचा दिवा पेटत असेल, तर गाडी थेट कंपनीच्या वर्कशॉपमध्ये. बाहेरच्या कुणालाही हात लावू देऊ नका. आणि गाडीत लेन सांभाळणारी यंत्रणा असेल तर समृद्धी महामार्गावर पट्ट्यांच्या मधे राहण्यासाठी ती स्वतःच स्टेअरिंगला हलकीशी ओढ देते. तक्रार करण्याआधी ते बटण बंद करून पाहा.

आता दर. शहर, दुकान आणि गाडीप्रमाणे हे बदलतात, तरी अंदाज यावा म्हणून: बाहेरच्या टायर दुकानात लहान गाडीचं कॉम्प्युटर अलाइनमेंट साधारण ३०० ते ६०० रुपये, एसयूव्हीचं ६०० ते १,२००. बॅलन्सिंग चाकामागे १०० ते २५०. वजनाचे पैसे वेगळे की त्यातच, हे आधी विचारा; अलॉय रिमला चिकटवायची वजनं लागतात आणि काही ठिकाणी ती ग्रॅमवर मोजतात. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये दोन्ही मिळून हजार ते दोन हजारांच्या आसपास, वर १८ टक्के जीएसटी. खड्ड्यात आदळून टाय रॉड एंड गेला असेल तर सुटा भाग आणि मजुरी धरून हजार-दोन हजार, लोअर आर्म असेल तर दोन ते पाच हजार. इलेक्ट्रिक स्टेअरिंगचा अख्खा कॉलम किंवा रॅक बदलायचा झाला तर आकडा सहज २५ हजारांच्या पुढे जातो. वॉरंटीचा खरा उपयोग या शेवटच्या खर्चात आहे.

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही. देखभालीचं काम म्हणून ते बाजूला ठेवलेलं असतं. फ्री सर्व्हिसमध्येही सहसा फक्त ठरलेल्या कामांची मजुरी माफ असते. पण ताबा घेतल्यापासून पहिल्या काही दिवसांतच स्टेअरिंग तिरपं असेल, तर ही देखभाल नव्हे, डिलिव्हरीपूर्व तपासणीत राहिलेली उणीव आहे. त्याचे पैसे शोरूमने मागू नयेत आणि आपण देऊ नयेत. यासाठी ठाम राहा, मात्र तक्रार पहिल्याच आठवड्यात नोंदवा. तीन हजार किलोमीटरनंतर गेलात तर ‘साहेब, खड्ड्यात गेली असेल’ हे उत्तर तयार असतं, आणि आपल्या जालना जिल्ह्यात ते खोडून काढणं अवघड आहे.

मशीनवर गाडी चढली की दोन प्रिंट मागा: कामाआधीची आणि कामानंतरची. त्यावर टो, कॅम्बर, कास्टर असे आकडे असतात आणि शेजारी कंपनीची मर्यादा. टो म्हणजे वरून पाहिल्यावर चाकं आत किंवा बाहेर किती वळली आहेत ते. पंजे आत वळवून चालणाऱ्या माणसाची चप्पल एकाच कडेने झिजते, तसं टो बिघडलेल्या टायरचं होतं. चाळीस हजार किलोमीटर चालणारा टायर पंधरा हजारांतच उतरतो. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिल्यावर चाकाचा झुकाव.

इथेच सांभाळायचं. बहुतेक लहान गाड्यांत पुढचा टो तेवढा फिरवून बसवता येतो; कॅम्बरला जुळवायची सोयच नसते. तरी काही दुकानांत ‘कॅम्बर आउट आहे, मारावा लागेल’ असं सांगून हायड्रॉलिक साधनाने सस्पेन्शनचा भाग वाकवतात आणि एका बाजूचे पाचशे ते हजार जादा घेतात. नव्या गाडीला हे अजिबात करू देऊ नका. कॅम्बर खरोखर मर्यादेबाहेर असेल, तर एखादा भाग वाकलेला आहे किंवा चुकीचा बसला आहे, आणि तो बदलून देणं वॉरंटीचं काम आहे. बाहेर वाकवून घेतलात की कंपनी हात वर करायला मोकळी.

शोरूम छत्रपती संभाजीनगरला असेल तर प्रत्येक फेरीचा हिशेब वेगळा धरा. जालन्याहून जाऊन-येऊन सुमारे १२० किलोमीटर, म्हणजे सात लिटरच्या आसपास पेट्रोल, शिवाय समृद्धीने गेलात तर टोल आणि एका दिवसाची रजा. म्हणून आधी फोन करून वेळ घ्या, टेस्ट ड्राइव्ह त्यांच्या माणसाला शेजारी बसवून करा, आणि जॉब कार्डवर ‘जनरल चेकअप’ असं न लिहू देता ‘समतल रस्त्यावर ६० च्या वेगात गाडी डावीकडे ओढते’ असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या. पुढे काही वाद झाला तर हाच कागद बोलतो. नोंदणीआधी यार्डात जाऊन गाडी शंभर मीटर चालवून पाहता आली तर सगळ्यांत स्वस्त. एकदा एमएच-२१ ची पाटी लागली की गाडी बदलून मागणं फार अवघड होतं.

एक चौकशी फुकट आहे आणि करायलाच हवी. चॅसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल आहे का ते पाहा. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या स्टेअरिंगच्या टाय रॉडमधल्या संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये अल्टो के-१० च्या २,५५५ गाड्या स्टेअरिंग गिअरबॉक्ससाठी. रिकॉलमधल्या भागाचे किंवा मजुरीचे पैसे ग्राहकाला लागत नाहीत, आणि असा दोष अलाइनमेंटने जात नाही.

तीन-चार फेऱ्यांनंतरही ओढ तशीच राहिली तर शोरूम आणि कंपनी दोघांनाही लेखी नोटीस द्या, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगाकडे जाता येतं, म्हणजे गाडी संभाजीनगरला घेतली असली तरी तक्रार जालन्यात चालते. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. मुदत दोन वर्षांची.

तिथे अख्खी गाडी बदलून मिळेल ही आशा धरून मात्र जाऊ नका. मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची आहे, गाडी बदलून देण्याची नाही. उत्पादनातलाच दोष आहे हे दाखवायचं तर आयोग गाडी तज्ज्ञाकडे तपासायला पाठवू शकतो, आणि त्या तपासणीची फी आधी तक्रारदाराकडून भरून घेतली जाऊ शकते. वकिलाशी बोलताना त्यांच्या फीबरोबर हाही आकडा विचारा, आणि त्या दिवशी अलाइनमेंटच्या सगळ्या प्रिंटांची झेरॉक्स सोबत न्या. थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत फिकी पडू शकतात.