देवाने नेमलेले सण आणि आपण



बायबलमधील सणांचा विषय निघाला की आपल्यापैकी अनेक जण म्हणतात, "ते तर जुन्या करारातले, यहुदी लोकांचे सण. आपला त्यांच्याशी काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आज पवित्र शास्त्रातच शोधू या.

सण कोणते?
लेवीय पुस्तकाच्या 23 व्या अध्यायात सणांची यादी दिली आहे. त्यांपैकी तीन मोठे सण यात्रेचे होते. वल्हांडण म्हणजे मिसरच्या गुलामगिरीतून सुटकेची आठवण. सप्ताहांचा सण म्हणजे गव्हाच्या हंगामातील पहिल्या पिकाचे अर्पण. मंडपांचा सण म्हणजे रानातून वाटचाल करताना झोपड्यांत काढलेल्या दिवसांची आठवण. देवापुढे कोणी रिकाम्या हातांनी येऊ नये, अशी आज्ञा होती (अनुवाद 16:16).

प्रभू येशू आणि सण
मरिया व योसेफ दरवर्षी वल्हांडणासाठी यरुशलेमेस जात. बाराव्या वर्षी येशूही त्यांच्याबरोबर गेला (लूक 2:41-42). मंडपांच्या सणात शिलोह तळ्याचे पाणी आणून वेदीजवळ ओतण्याची प्रथा होती. त्याच सणाच्या शेवटच्या दिवशी प्रभूने तहानलेल्यांना आपल्याकडे बोलावले (योहान 7:37). वल्हांडणाच्या काळातच त्याने क्रुसावर प्राण दिला. पवित्र आत्मा उतरला तो पन्नासाव्या दिवशी, म्हणजे सप्ताहांच्या सणाला. हे सण समजल्याशिवाय शुभवर्तमान पुरते समजत नाही.

मग आपण काय करावे?
यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांवर मोशेच्या नियमशास्त्राचे ओझे लादू नये, असे प्रेषितांनी ठरवले (प्रेषितांची कृत्ये 15). संत पौल सणांना छाया म्हणतो. ती ज्याची छाया आहे तो ख्रिस्त होय (कलस्सै 2:16-17). म्हणून यहुदी भोजनविधीची घरी नक्कल करण्याची आपल्याला गरज नाही. तो त्या समाजाचा आजही जिवंत असलेला धर्माचार आहे. त्याविषयी आदर बाळगावा, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली आपल्याला शिकवले. रायगड जिल्ह्यातील मराठी बोलणारे बेने इस्राएल बांधव शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. सण पाळणे म्हणजे काय, हे त्यांच्याकडून शिकावे.

आपला सहभाग आपल्या उपासनेत आहे. पवित्र गुरुवारच्या मिस्साचे पहिले वाचन वल्हांडणाचे असते (निर्गम 12). ईस्टरच्या जागरणविधीत समुद्र ओलांडल्याचे वाचन कधीही गाळले जात नाही (निर्गम 14). जे केवळ रविवारी सकाळी येतात, ते या सुटकेच्या रात्रीला मुकतात.

सणाच्या पंगतीत कोण?
येथे खरी कसोटी आहे. सणाच्या आनंदात मुलामुलींबरोबर दासदासी, परका, अनाथ आणि विधवा यांनाही घ्यावे, अशी आज्ञा आहे (अनुवाद 16:14). सणांची यादी सांगता सांगता देव मध्येच शेताविषयी बोलतो: कापणी करताना कडेचे पीक गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्या (लेवीय 23:22). म्हणजे गरिबाला वगळून केलेला सण देवाच्या यादीत बसत नाही.

मुंबई परिसरातील आपले ईस्ट इंडियन बांधव ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा करतात. नव्या भाताच्या लोंब्या वेदीवर येतात. पहिल्या पिकाच्या अर्पणाशी नाते सांगणारा हा आपल्या मातीतला सण आहे. पण आपल्या सणांत बँड, रोषणाई आणि जेवणावळी वाढत असताना भाड्याच्या खोलीत राहणारे परप्रांतीय कुटुंब, घरकामाला येणारी बाई, एकटी राहणारी वृद्ध विधवा यांना आपण आमंत्रण देतो का?

या वर्षी तीन गोष्टी करू या. पवित्र गुरुवारपासून ईस्टरच्या जागरणापर्यंतच्या सर्व विधींना सहकुटुंब येऊ या. आदल्या रात्री ती वाचने घरी मुलांना वाचून दाखवू या. आणि सणाच्या दिवशी आपल्या ताटाशेजारी एक ताट अशा व्यक्तीसाठी मांडू या, जिला कोणी बोलावलेले नाही.

कुटुंबात चर्चेसाठी: आपल्या घरच्या गेल्या सणाला कोण यायचे राहून गेले?