गोळी तीच, मात्रा तीच; मग रक्त का थांबेना?

हिवाळ्यात सिन्नरच्या बाजारात मेथीच्या जुड्यांचे ढीग लागतात. या मेथीच्या भावकीतील स्वीट क्लोव्हर नावाची वनस्पती अमेरिकेत गुरांना चारा म्हणून घालतात. १९२० च्या सुमारास तेथील गुरांना एक विचित्र रोग जडला. लहानशी जखम झाली तरी रक्त थांबत नसे आणि जनावर दगावे. कॅनडातील पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्ड यांनी दाखवून दिले, की दोष बुरशी आलेल्या क्लोव्हरचा आहे. १९३३ साली एक शेतकरी बर्फाच्या वादळातून असे न गोठणारे रक्त दुधाच्या कॅनमध्ये घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठात आला. तेथील रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षे खपून चाऱ्यातील ते द्रव्य शोधून काढले. त्याच्या भाऊबंदांपैकी एक म्हणजे वॉर्फरिन. १९४८ मध्ये ते उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांसाठी औषध म्हणून वापरले जाऊ लागले!

रक्त खरोखर पातळ होते का?

वॉर्फरिनला ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणतात. पण दुधात पाणी घालावे तसे रक्त काही पातळ होत नाही. रक्त गोठवणारी काही प्रथिने आपले यकृत तयार करते. त्यासाठी त्याला ‘के’ जीवनसत्त्व लागते. एकदा वापरलेले हे जीवनसत्त्व शरीर पुन्हा कामाजोगे करून घेते. वॉर्फरिन नेमके हेच काम अडवते. त्यामुळे रक्ताची गुठळी व्हायला जास्त वेळ लागतो.

ही गोळी कोणाला लागते? लहानपणी घसा येऊन पुढे संधिवाताचा ताप झाला, तर हृदयाची झडप बिघडू शकते. अशा वेळी कधी कृत्रिम झडप बसवावी लागते. भारतात तयार झालेली अशी झडप तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९० साली प्रथम रुग्णाला बसवण्यात आली. धातूच्या अशा झडपेवर गुठळी धरू नये म्हणून ही गोळी जन्मभर घ्यावी लागते. आपल्याकडे वॉर्फरिनऐवजी त्याच जातीचे असिनोकुमारॉलही पुष्कळ वापरतात.

गोळीचा परिणाम ‘आयएनआर’ या रक्ततपासणीने मोजतात. निरोगी माणसात हा आकडा १ च्या आसपास असतो. रुग्णात तो बहुधा २ ते ३ च्या दरम्यान, काही झडपांसाठी थोडा वर ठेवतात. कमी झाला तर गुठळीची भीती, फार वाढला तर रक्तस्रावाची.

दुसरी गोळी येते

आता समजा, सिन्नरच्या एका आजोबांची झडपेची शस्त्रक्रिया नाशिकला झाली आहे. वॉर्फरिन चालू आहे, तपासणीचा आकडा स्थिर आहे. पुढे त्यांना सतत काळजी वाटू लागते, झोप लागत नाही. दुसरे डॉक्टर चिंता कमी करण्यासाठी फ्लुओक्सेटीन किंवा फ्लुवोक्सामीन देतात. दोन्ही औषधे आपापल्या जागी योग्यच आहेत. पण दुसऱ्या डॉक्टरांनी पहिली चिठ्ठी पाहिलेलीच नाही. येथे घोटाळा दोन वाटांनी होतो.

पहिली वाट रक्तपट्टिकांची. जखमेच्या तोंडाशी सर्वांत आधी या पट्टिका जमतात आणि सिरोटोनिन नावाचे द्रव्य सोडून आणखी पट्टिकांना बोलावतात. हे सिरोटोनिन त्या स्वतः बनवत नाहीत. रक्तातून उचलून साठवतात. मेंदूतील पेशींमध्ये सिरोटोनिनची उचल थांबवणे हेच या चिंताशामक औषधांचे काम. पण तीच उचल पट्टिकांतही थांबते. त्यांचा साठा आटतो आणि जखमेवरचा बांध कच्चा राहतो.

दुसरी वाट यकृताची. वॉर्फरिनची विल्हेवाट लावणारे एक विकर यकृतात असते. ही दोन औषधे त्याचे काम मंदावतात. म्हणजे वॉर्फरिन शरीरात साठू लागते.

थोडे गणित

समजा, आजोबा रोज ५ मिलिग्रॅम गोळी घेतात आणि शरीर दिवसाला शिल्लक औषधाचा सुमारे एक तृतीयांश भाग काढून टाकते. गोळी घेतल्यावर शरीरात १५ मिलिग्रॅम असेल, तर दिवसात ५ जातात आणि नव्या गोळीने ५ येतात. हिशेब जुळला. आता दुसऱ्या औषधामुळे एक चतुर्थांशच बाहेर जाते असे धरू. (हा आकडा केवळ उदाहरणासाठी.) दुसऱ्या दिवशी १६.२५, तिसऱ्या दिवशी सुमारे १७.२, चौथ्या दिवशी १७.९ असे करीत साठा २० कडे सरकतो. गोळी एकच, पण परिणाम चढत जातो, तोही गुपचूप. म्हणून धोका पहिल्या दिवशी दिसत नाही. काही दिवसांनी हिरड्यांतून रक्त येते, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठतात, शौचास काळे होते.

चिंतेची सगळी औषधे सारखी नाहीत. सरट्रालीन या विकराला फारसे अडवत नाही. पट्टिकांवरचा परिणाम मात्र त्याचाही होतो. तेव्हा दोन्ही औषधे द्यावी लागलीच, तर डॉक्टर योग्य औषध निवडतात, आयएनआर लवकर तपासतात आणि मात्रा जुळवतात. मनाने गोळी बंद करणे तर अधिक वाईट. वॉर्फरिन थांबवले तर झडपेवर गुठळी धरून ती मेंदूत जाऊ शकते. चिंतेची गोळी अचानक सोडली तरी जुळवलेला हिशेब पुन्हा बिघडतो.

तुम्ही काय कराल?

घरातील वडीलधाऱ्यांच्या सर्व औषधांची नावे एका कागदावर लिहून काढा. दुकानातून आणलेली डोकेदुखीची गोळी आणि काढेसुद्धा लिहा. प्रत्येक डॉक्टरांना तो कागद दाखवायला सांगा. वर सांगितलेली लक्षणे दिसली किंवा डोक्याला मार लागला, तर त्यांना ताबडतोब दवाखान्यात न्या. मेथी-पालकात ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असते. म्हणून भाजी सोडायची नाही. पण एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात मुळीच नाही, असेही करायचे नाही.

विचार करा

१. वरच्या गणितात पाचव्या दिवशी किती मिलिग्रॅम औषध असेल?

२. आजोबांनी एकदम रोज भरपूर मेथी खायला सुरुवात केली, तर आयएनआरचा आकडा वाढेल की घटेल? का?