खाऱ्या हवेतील स्टेनलेस स्टील : पृष्ठभागाची निवड आणि निगा

पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि पश्चिमेस गोराईची खाडी, यांच्या मधल्या पट्ट्यात बोरीवली वसले आहे. २ एप्रिल २०२२ रोजी मुंबई मेट्रोच्या ‘२अ’ व ‘७’ या मार्गिकांचा पहिला टप्पा खुला झाला आणि या उपनगराच्या दोन्ही अंगांनी स्टेनलेस स्टीलच्या डब्यांच्या गाड्या धावू लागल्या. जिन्यांचे कठडे, उद्वाहनांची दारे, रुग्णालयांतील ओटे अशा अनेक सार्वजनिक कामांतही आज हाच धातू वापरला जातो. तो गंजतच नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात समुद्र वा खाडीलगतच्या कठड्यांवर काही महिन्यांतच चहाच्या डागांसारखे तपकिरी ठिपके उमटू शकतात. दोष कधी धातूच्या प्रतीत असतो. पुष्कळदा मात्र तो पृष्ठभागाच्या निवडीत आणि निगेच्या अभावात असतो.

धातूचे कवच

किमान १०.५ टक्के क्रोमियम असलेले पोलाद म्हणजे स्टेनलेस स्टील. क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन धातूवर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर तयार होतो. ओरखडा पडला तरी हवा लागताच तो पुन्हा जमतो. मात्र खाऱ्या हवेतील मिठाचे कण पृष्ठभागावर साचून राहिले, तर ते हे कवच ठिकठिकाणी भेदतात. ‘३०४’ प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. ‘३१६’ प्रतीत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनमही असते. त्यामुळे ती मिठापुढे अधिक टिकाव धरते. समुद्राजवळील उघड्यावरच्या कामास तीच योग्य होय.

पृष्ठभागाचे प्रकार

थंड अवस्थेत लाटून, तापवून, आम्लाने धुऊन शेवटी गुळगुळीत रुळांतून हलकेच काढलेल्या पत्र्याचा पृष्ठभाग ‘२बी’ या नावाने ओळखला जातो. तो फिकट रुपेरी दिसतो व सर्वाधिक वापरात आहे. पट्ट्याने घासून एकाच दिशेने बारीक रेघा उमटविल्या की ‘क्रमांक ४’, रेघा लांब व अखंड असल्या की ‘हेअरलाइन’, आणि आरशासारखी चकाकी आणली की ‘क्रमांक ८’ तयार होतो.

रेघांच्या पृष्ठभागावर बोटांचे ठसे व ओरखडे सहसा दिसून येत नाहीत. म्हणून वर्दळीच्या जागी तो पसंत केला जातो. परंतु रेघ जितकी खोल, तितके मीठ व धूळ तीत अडकून बसते. किनाऱ्यालगत सरासरी खडबडीतपणा ०.५ मायक्रॉनहून कमी असावा, असे तज्ज्ञ सांगतात. हे माप मनुष्याच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही लहान आहे. ते नजरेने ठरत नाही. उपकरणानेच मोजावे लागते. ‘३१६’ प्रतीचा कठडाही जाड्या पट्ट्याने घासला असेल तर डागाळू शकतो. पत्र्यावरील रेघा उभ्या ठेवल्यास पावसाचे पाणी मीठ धुऊन नेते.

निविदेतील नोंद

निविदेत केवळ ‘स्टेनलेस स्टीलचा कठडा’ एवढेच लिहिले, तर पुरवठादार कोणताही माल देऊ शकतो. म्हणून प्रत, पृष्ठभागाचा प्रकार, खडबडीतपणाची मर्यादा व रेघांची दिशा स्पष्टपणे नमूद करावी. पत्रा व पट्टी यांसाठी ‘आयएस ६९११’ हे भारतीय मानक आहे. वेल्डिंगमुळे आलेला काळपट-निळसर थर रासायनिक प्रक्रियेने काढून टाकण्याची अटही घालावी. तो राहिल्यास गंज तेथूनच सुरू होतो.

लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे माल अस्सल, हा समज चुकीचा आहे. निकेलऐवजी बहुतांशी मँगेनीज वापरलेली ‘२००’ श्रेणीची स्वस्त प्रतही चुंबकाला सहसा चिकटत नाही. दिसते तशीच, पण खाऱ्या हवेत लवकर डागाळते. यास्तव उत्पादकाचे चाचणी प्रमाणपत्र मागावे व क्ष-किरणांच्या हातयंत्राने नमुना तपासून घ्यावा.

निगा

मुंबईत पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने मीठ साचत राहते, आणि छपराखालच्या भागांना तर पावसाचे पाणी कधीच लागत नाही. म्हणून असे कठडे सौम्य साबणाच्या पाण्याने, मऊ फडक्याने, रेघांच्या दिशेने नियमित पुसून स्वच्छ पाण्याने धुवावेत. लोखंडी तारेची घासणी, ब्लीचिंग पावडर आणि फरशी धुण्याचे आम्ल कटाक्षाने टाळावे. जवळ साधे लोखंड कापताना उडालेला कीस धातूवर राहिला, तर तोही गंजून डाग पाडतो.

उद्‌घाटनाच्या दिवशीची चकाकी ही टिकाऊपणाची खूण नव्हे. निविदेतील चार नेमक्या ओळी आणि सफाई कामगाराच्या हातातील मऊ फडके यांवरच सार्वजनिक पैशातून उभारलेल्या कठड्याचे आयुष्य अवलंबून असते. खाडीकाठच्या ग्रामपंचायतींनी व शाळांनी हे ध्यानी घेतल्यास दुरुस्तीवरील पुढचा खर्च वाचेल.