उन्हातील धाव

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण होय. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा हमरस्ता येथून जातो. कापसाची उलंगवाडी झाली आणि पऱ्हाट्या उपटल्या, म्हणजे भोवतालची काळी शेते उघडी पडतात. मग वैशाखाचे ऊन त्यांवर आग ओतू लागते. या भागात मे महिन्यात पारा 44 ते 45 अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. अशा दिवसांतही विदर्भातील कित्येक तरुण-तरुणी पोलीसभरतीसाठी धावण्याचा सराव करीत असतात. तरुणांना 1600 मीटर व तरुणींना 800 मीटर धावावयाचे असते. अंतर फार नाही. परंतु ऊन तापले की तेवढेही अंतर जिवाची परीक्षा पाहते.

याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. धावताना स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उष्णतेत बदलतो. शरीराचे तापमान तर 37 अंशांच्या आसपास राहावयास हवे. म्हणून हृदय त्वचेकडे अधिक रक्त धाडते. घाम सुटतो आणि वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो. हवा त्वचेहून अधिक तापली, म्हणजे घाम वाळणे एवढाच उपाय उरतो. त्याच वेळी स्नायूंनाही रक्त हवे असते. एकाच विहिरीवर दोन मळे भिजवावयाचे, तशी हृदयाची ओढाताण होते. घामावाटे पाणी कमी झाले, की ती विहीरही आटू लागते.

या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, हे 14 जुलै 1912 रोजी स्टॉकहोम येथील ऑलिंपिकमध्ये जगाने पाहिले. सुमारे 40 किलोमीटरची मॅरेथॉन शर्यत त्या दिवशी कडक उन्हात सुरू झाली. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो हा सुतारकाम करणारा तरुण तीत धावत होता. उन्हाने कातडी भाजू नये, म्हणून त्याने अंगाला मेणासारखा स्निग्ध लेप लावला होता. त्यामुळे घाम बाहेर पडेना. तरीही तो थांबला नाही. सुमारे 30 किलोमीटरवर तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी त्याचे प्राण गेले. त्याच्या जिद्दीत काहीच उणे नव्हते. परंतु शरीराचा मार्ग अडवून जिद्द टिकत नाही.

त्याच शर्यतीत जपानचा शिझो कानाकुरी हाही होता. उन्हाने व्याकूळ होऊन तो वाटेतच थांबला. रस्त्याजवळच्या एका कुटुंबाने त्याला आसरा दिला व पेय पाजले. शर्यत पुरी न झाल्याची त्याला मोठी खंत वाटली. परंतु त्याने धावणे सोडले नाही. 1920 साली अँटवर्प येथील ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये तो पुन्हा उतरला आणि सोळावा आला. बेळगावचे फडेप्पा चौगुले हे त्याच शर्यतीत धावले व त्यांनी एकोणिसावा क्रमांक मिळविला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर खेड्यांतील धावपटूंना अनवाणी धावताना सर दोराबजी टाटा यांनी पाहिले होते आणि त्यातूनच भारताचा तो संघ अँटवर्पला गेला होता. पुढे 1967 साली स्वीडनने कानाकुरीला सन्मानाने बोलावले. तेथे वृद्धपणी त्याने अंतिम रेषा ओलांडून आपली अपुरी शर्यत पुरी केली. तिला 54 वर्षांहून अधिक काळ लागला होता! 1912 साली तो वेळीच थांबला, म्हणूनच हा दिवस त्याला पाहता आला.

मग उन्हात धावूच नये काय? तसे नाही. शरीर उन्हाशीही ओळख करून घेते. मात्र त्याला अवधी द्यावा लागतो. दररोज थोडे थोडे अंतर वाढविले, तर दहा ते चौदा दिवसांत घाम लवकर व अधिक सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जाते, रक्तातील पाण्याचा अंश वाढतो आणि हृदयाची धडधड कमी होते. पहिल्याच दिवशी मोठी धाव घेणाऱ्याला हे बळ मिळत नाही. म्हणून जाणता धावपटू सूर्य वर येण्यापूर्वीच सराव उरकतो, सैल सुती कपडे वापरतो आणि पाणी, मीठ घातलेले ताक किंवा कैरीचे पन्हे घेतो.

दमणे आणि धोका यांतील भेदही त्याला कळतो. पाय भरून येणे, धाप लागणे हे दमणे होय. तेथे मन घट्ट करून पुढे जाता येते. परंतु डोके गरगरणे, मळमळणे, झोक जाणे, असंबद्ध बोलणे या उष्माघाताच्या खुणा होत. अशा वेळी त्या माणसाला तत्काळ सावलीत न्यावे, अंगावर गार पाणी ओतून वारा घालावा आणि डॉक्टरांना बोलवावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये.

पहाटे अंथरुणातून उठणे, रोज थोडेच अंतर वाढविणे आणि शरीराने हाक देताच थांबणे, यांत टाळ्या मिळत नाहीत. परंतु उन्हातील अवघड धाव पुरी होते ती याच धीराच्या बळावर.

स्वाध्याय

1. हृदयाच्या स्थितीला विहिरीची उपमा का दिली आहे?
2. लाझारो व कानाकुरी या दोघांच्या धावण्यातून कोणता बोध होतो?
3. ‘दमणे’ आणि ‘धोका’ यांतील फरक स्वतःच्या शब्दांत लिहा.