वाशीत शंभर वर्षांचा क्रिकेट क्लब का नाही?

प्रश्न : मी वाशीत राहतो. दर रविवारी आमच्याकडची मैदानं क्रिकेटने भरलेली असतात, पण टीमचं नाव पाहावं तर ते एखाद्या गावाचं, सोसायटीचं नाहीतर कोचिंग अकादमीचं. मुंबईत मात्र पारशी जिमखाना, हिंदू जिमखाना, दादर युनियन, शिवाजी पार्क जिमखाना असे जुने, नावाजलेले क्लब आहेत. ते मुळात निघाले कसे? त्यातल्या काहींना धर्माची नावं का? आणि वाशीत तसं काही का उभं राहिलं नाही?
– एक वाचक, वाशी

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर वाशीच्या वयात आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची, ठाण्याच्या खाडीवरचा पहिला पूल १९७३ चा. त्याआधी इथे आगरी-कोळ्यांची गावं, भातशेती, मिठागरं आणि खाडी. लोकल गाडी तर १९९२ मध्ये आली. शंभरी भरायला अजून अवकाश आहे. उरलेलं अर्धं उत्तर जमिनीत आहे आणि ते शोधायला आधी मुंबईत जावं लागतं.

मुंबईत एतद्देशीयांचा पहिला क्रिकेट क्लब काढला पारशांनी, १८४८ मध्ये. नाव ओरिएंटल क्रिकेट क्लब. तो फार टिकला नाही, पण १८५० मध्ये झोरोस्ट्रियन क्लब निघाला आणि मग पारशी पोरांच्या क्लबांची रांगच लागली. यांच्यापैकी कुणाकडे स्वतःचं मैदान नव्हतं. खेळायचं ते किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या पटांगणात, म्हणजे आज जिथे आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल आहेत त्या भागात. १८७५ मध्ये गोऱ्यांनी तिथेच बॉम्बे जिमखाना थाटला. हिंदी माणसाला त्यात प्रवेश नव्हता, पण जिमखान्याच्या साहेबांना पोलो खेळायला बाहेरचं पटांगण मात्र हवं होतं. घोड्यांच्या टापांनी पोरांच्या खेळपट्ट्या उखडल्या जायच्या. १८८१ पासून सरकारकडे अर्ज सुरू झाले. पोलो कधी बंद व्हायचा, कधी पुन्हा सुरू. ही सगळी लढाई शापूरजी सोराबजी यांनी पारशी क्रिकेटवरच्या आपल्या १८९७ च्या पुस्तकात तपशिलाने मांडली आहे.

अखेर १८८५ मध्ये पारशी जिमखाना स्थापन झाला आणि पुढे त्याला समुद्राकाठी, आजच्या मरीन ड्राइव्हच्या पट्ट्यात जागा मिळाली. १८४८ पासून मोजलं तर हक्काच्या मैदानासाठी पारशांना जवळपास चार दशकं लागली! त्यांना मिळाली म्हटल्यावर मुसलमान आणि हिंदू खेळाडूंनीही जागा मागितली. गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या कारकिर्दीत (१८९० ते १८९५) इस्लाम जिमखाना आणि हिंदू जिमखाना शेजारीशेजारी उभे राहिले. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. सरकारने जमीन दिली ती समाजवार, आणि पैसाही गोळा झाला तो समाजासमाजातून. पी. जे. हिंदू जिमखान्यातलं ‘पी. जे.’ म्हणजे परमानंददास जीवनदास, देणगीदार घराण्याचं नाव. खालच्या पातळीवर तर गौड सारस्वत, क्षत्रिय, मराठा असे जातवार क्लबही होते.

स्पर्धाही त्याच वाटेने गेली. १८९२ मध्ये युरोपियन विरुद्ध पारशी असा सामना सुरू झाला. १९०७ मध्ये त्यात हिंदू आले, १९१२ मध्ये मुसलमान, १९३७ मध्ये ‘रेस्ट’ म्हणजे ख्रिस्ती व इतर. पंचरंगी म्हणून लोक आजही तिची आठवण काढतात. धर्माच्या नावाने खेळायच्या या सामन्यांना गांधीजींनी १९४० मध्ये उघड विरोध केला. १९४५-४६ चा हंगाम तिचा शेवटचा ठरला.

या क्लबांच्या इतिहासात एक नाव वगळून चालत नाही, पळवणकर बाळू. चांभार कुटुंबातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखायचा आणि सरावात साहेबांना गोलंदाजी टाकायचा. पुण्याच्या हिंदूंना तो संघात तर हवा होता, पण चहाच्या वेळी त्याचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू झेलायचा, मैदानाबाहेर त्याच्या हातचं पाणी नको! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूने शंभरावर बळी घेतले. तरीही त्याला हिंदू संघाचा कर्णधार कधी केलं नाही. तो मान १९२३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाला आणि त्या वर्षी हिंदू जिंकले.

दादर, माटुंगा, शिवाजी पार्क ही पुढची पायरी. इथे क्लब धर्माचा न राहता वस्तीचा झाला. दादर युनियनने माधव मंत्री, सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर दिले. शिवाजी पार्क जिमखान्याने विजय मांजरेकर, अजित वाडेकर, संदीप पाटील. त्यांना धार लावली ती लीगने. डॉ. होरमसजी कंगा यांच्या नावाची कंगा लीग १९४८ मध्ये सुरू झाली, तीही भर पावसाळ्यात. खेळपट्टी उघडी आणि ओली, त्यामुळे एक चेंडू छातीपर्यंत उसळतो तर दुसरा पायाशी घसरतो. मैदानात घोट्याच्या वर गवत, म्हणून जमिनीलगतचा सुरेख ड्राइव्हही दहा पावलांवर अडकून बसतो. धावा हव्यात तर चेंडू उचलूनच मारावा लागतो. कसोटी खेळून आलेला फलंदाज आणि कॉलेजातला पोरगा, दोघांना हाच चिखल.

आता आझाद मैदान डोळ्यांसमोर आणा. एकाच मैदानात बावीस खेळपट्ट्या. एका सामन्याचा फाइन लेग दुसऱ्या सामन्याच्या पॉइंटजवळ उभा, आणि दोघांचंही लक्ष आपापल्या फलंदाजाकडे. कडेला क्लबांचे तंबू, माळी, रोलर. स्वतःचं मैदान नसलेला, वर्गणीवर चालणारा क्लबही इथे एक खेळपट्टी आणि एक तंबू यांच्या जोरावर पिढ्यान्‌पिढ्या टिकला. मुंबईच्या क्रिकेटचं खरं भांडवल हे सामाईक मैदान.

वाशीला नेमकं तेच मिळालं नाही. नियोजित शहरात भूखंड आधी नकाशावर पडतो आणि त्याचा वापरही तिथेच ठरतो: हा शाळेचा, हा महापालिकेचा, हा क्रीडा संस्थेचा. मैदानं झाली, पण प्रत्येकाला मालक आणि बहुतेकांना कुंपण. तंबू ठोकून वर्षानुवर्षं ठाण मांडायला जागा उरली नाही. सीझनच्या चेंडूचं क्रिकेट साहजिकच फी घेऊन शिकवणाऱ्या अकादम्यांकडे गेलं.

आणि गावांचं काय? भातकापणीनंतर रिकाम्या शेतात टेनिस बॉलने खेळायची चाल या आगरी-कोळी पट्ट्यात शहराच्या आधीची. शेतं संपादनात गेली, तरी संघ राहिले. गावाच्या नाहीतर गावदेवीच्या नावाने उतरणारा संघ, मोजक्या षटकांचे सामने, रात्रीच्या प्रकाशझोतात फायनल, आगरी बोलीतली कॉमेंट्री, रोख बक्षीस. मला विचाराल तर वाशीचे खरे जुने क्लब हेच. कंगा लीगच्या तक्त्यात ते नाहीत आणि त्यांची नोंद कुठल्या जिमखान्याच्या भिंतीवर नाही, इतकाच फरक. नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ मध्ये उभं राहिलं आणि तिथेच २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला. नवी मुंबईचं नाव क्रिकेटच्या इतिहासात गेलं ते असं, पण स्टेडियम म्हणजे क्लब नव्हे.

तेव्हा एक काम तुम्हीच करा. तुमच्या गावातल्या किंवा सेक्टरमधल्या सर्वांत जुन्या संघाच्या माणसांना गाठा. पहिला सामना कुठल्या शेतात किंवा प्लॉटवर झाला, किटसाठी वर्गणी कुणी काढली, ती जागा कधी गेली, हे विचारून लिहून ठेवा. स्कोअरबुक, स्पर्धेची पत्रकं, जुने फोटो रद्दीत जाण्याआधी ताब्यात घ्या. शापूरजींनी वेळेवर लिहिलं म्हणून पोलोच्या घोड्यांची गोष्ट आज आपल्याला ठाऊक आहे.